प्रेमाला वचनाची गरज आहे काय?

प्रेम असेल तर लग्नाची गरज नाही आणि प्रेम नसेल तर लग्नाचा उपयोग नाही, असा एक युक्तिवाद हल्ली आपल्या घराघरांतून ऐकू येतो. पूर्वी तो शहरातील विद्वानांच्या बैठकींपुरता मर्यादित होता. आज नोकरीनिमित्त पुण्या-बंगळुराला किंवा परदेशी गेलेला आपलाच मुलगा वा आपलीच मुलगी तो मांडते आणि आईवडील निरुत्तर होतात. कुणी रागावतात, कुणी रडतात, तर कुणी 'लोक काय म्हणतील' एवढेच बोलून गप्प बसतात. विचारणाऱ्याला मात्र यांपैकी कशानेही उत्तर मिळत नाही. सबब, हा प्रश्न त्याची धार बोथट न करता आपण समोर घेऊ या.

प्रश्न नवा आहे असे समजण्याचे कारण नाही. बाराव्या शतकात पॅरिसमध्ये आबेलार हे नामांकित तत्त्वज्ञ आणि त्यांची बुद्धिमान विद्यार्थिनी एलोईज यांच्यात प्रेम जडले. त्यांना मूल झाले. आबेलार यांनी लग्नाचा प्रस्ताव मांडला तेव्हा त्याला विरोध केला तो एलोईजने. तिच्या म्हणण्याचा आशय असा की, बंधनामुळे मिळणाऱ्या प्रेमापेक्षा स्वेच्छेने दिलेले प्रेम श्रेष्ठ असते. पत्नीपदाने मान मिळेल, पण प्रेमाची निखळता झाकोळेल. अखेर लग्न झाले ते गुपचूप, आणि त्या गुप्ततेपायी दोघांच्याही वाट्याला दारुण दुःख आले. एलोईजचा मुद्दा मात्र शिल्लक राहिला. आजची तरुण पिढी जे बोलते ते आठशे-नऊशे वर्षांपूर्वी एका मठवासिनीने अधिक प्रभावी शब्दांत मांडून ठेवले आहे. तो मुद्दा उथळ आहे असे म्हणून चालणार नाही.

प्रथम ख्रिस्तसभा काय म्हणत नाही ते पाहू. विधी पार पडला, अंगठ्या घातल्या, नोंदवहीत सह्या झाल्या म्हणजे प्रेम निर्माण होते, असे ख्रिस्तसभेने कधीही शिकवलेले नाही. उलट, वधूवरांच्या संमतीनेच विवाह घडतो आणि ती संमती त्यांच्याऐवजी दुसरी कोणतीही मानवी सत्ता देऊ शकत नाही, असे धर्मविधिसंहितेचे १०५७ वे कलम सांगते. आपल्या लॅटिन परंपरेत विवाहसंस्काराचे दाते धर्मगुरू नसून स्वतः वधूवर असतात. धर्मगुरू ख्रिस्तसभेच्या वतीने त्यांची संमती विचारतो आणि स्वीकारतो. धाकदपटशाने घडवून आणलेले लग्न तर ख्रिस्तसभेच्या दृष्टीने विवाहच नव्हे.

हे तत्त्व किती मोलाचे आहे हे महाराष्ट्राच्या इतिहासाने दाखवून दिले आहे. रखमाबाईंचे लग्न त्या अकरा वर्षांच्या असताना दादाजी भिकाजी यांच्याशी लावण्यात आले होते. मोठेपणी त्यांनी नांदायला जाण्यास नकार दिला. १८८४ साली नवऱ्याने मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा दाखल केला आणि १८८७ साली न्यायालयाने 'नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा' असा हुकूम दिला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढे १८८८ साली तडजोड झाली आणि त्यानंतर त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन परतल्या. विधी झाला होता, नाते मात्र जुळले नव्हते, कारण तिची संमती कुणी विचारलीच नव्हती. तेव्हा 'प्रेम नसेल तर लग्नाचा उपयोग नाही' या वाक्यात सत्याचा मोठा अंश आहे हे मान्य केले पाहिजे.

आता वाक्याच्या पूर्वार्धाकडे वळू. प्रेम असेल तर लग्नाची गरज नाही, असे म्हणताना प्रेम म्हणजे काय समजले जाते? बहुधा एक भावना. ती आहे किंवा नाही, दिवा पेटलेला आहे किंवा विझलेला आहे. प्रेम म्हणजे एवढेच असेल तर लग्नाची गरज खरोखरच नाही, कारण भावनेचे वचन कोणालाच देता येत नाही. 'दहा वर्षांनी येणाऱ्या अमुक मंगळवारी मला तुझ्याविषयी ओढ वाटेल' असे सांगणारा मनुष्य एकतर भोळा असतो किंवा लबाड.

परंतु संत थॉमस अक्वायनस यांनी प्रेमाची जी व्याख्या स्वीकारली ती वेगळी आहे. प्रेम करणे म्हणजे दुसऱ्याचे कल्याण इच्छिणे. येथे इच्छिणे हे संकल्पाचे कृत्य आहे. भावना त्याची सोबत करते, कधी पुढे धावते, कधी मागे रेंगाळते, पण संकल्प मनुष्याच्या स्वाधीन असतो. आणि जे स्वाधीन आहे त्याचे वचन देता येते. विवाहात वधूवर परस्परांना भविष्य सांगत नाहीत, शब्द देतात. भाकीत खोटे ठरले तर आपण चुकलो एवढेच होते, शब्द मात्र पाळावा लागतो. डॅनिश विचारवंत किर्केगार्द यांनी १८४७ साली प्रसिद्ध केलेल्या 'प्रेमाची कृत्ये' या ग्रंथात असा विचार मांडला आहे की, प्रेम जेव्हा कर्तव्य होते तेव्हाच ते बदलाच्या भीतीतून मुक्त होते. वरवर पाहता हे उलटे वाटते. कर्तव्याने प्रेम कोमेजते असा आपला समज असतो. परंतु जे केवळ ओढीवर उभे आहे त्याला ओढ ओसरण्याची धास्ती रोजच बाळगावी लागते.

हे तत्त्वज्ञान एका सामान्य स्त्रीने मला अधिक सोप्या शब्दांत शिकवले. मी पूर्वी ज्या धर्मग्रामात होतो तेथील ही बाई पहाटेच्या गाडीने भाजीच्या पाट्या घेऊन मुंबईला जात असे. नवऱ्याला ऐन चाळिशीत अर्धांगवायूचा झटका आला आणि तो नऊ वर्षे अंथरुणाला खिळून राहिला. तो गेल्यानंतर एकदा बोलताना ती म्हणाली, "फादर, त्या नऊ वर्षांत मला प्रेम वाटत होते असे खोटे कशाला सांगू? पुष्कळदा राग यायचा. पण एक होते, राहायचे की जायचे हा विचार सकाळी उठून करावा लागला नाही. तो लग्नाच्या दिवशीच करून झाला होता." वचन काय करते ते या वाक्यात आले आहे. ते मनुष्याला कष्टांतून सोडवत नाही, पण रोजच्या निवाड्यातून सोडवते. ज्याला रोज सकाळी 'अजून राहू की नको' असे ठरवायचे आहे त्याची निम्मी शक्ती त्या ठरवण्यातच खर्ची पडते. आणि जो अंथरुणावर पडला आहे त्याला तर दर सकाळी एका निकालाची वाट पाहावी लागते.

येथे कुणी म्हणेल, वचन द्यायचे तर एकमेकांना द्यावे, त्यासाठी चर्च, साक्षीदार आणि कागद कशाला? हा आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर ख्रिस्तसभेच्या इतिहासातच सापडते. सोळाव्या शतकापर्यंत दोन प्रौढ ख्रिस्ती व्यक्तींनी एकांतात परस्परांना दिलेले विवाहवचनही ग्राह्य मानले जाई. ख्रिस्तसभा अशा लग्नांना नापसंत करी, पण रद्द ठरवत नसे. मग १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने धर्मगुरू व साक्षीदार यांची उपस्थिती अनिवार्य का केली? कारण परिषदेच्या त्या निर्णयातच नमूद आहे. पुरुष एकीशी गुपचूप लग्न करीत, तिला सोडून देत आणि दुसरीशी उघड लग्न करून राहत. पहिली कितीही आक्रोश करो, तिच्या बाजूने साक्ष द्यायला कोणीच नसे. म्हणजे साक्षीदार आले ते प्रेमावर पहारा ठेवण्यासाठी नव्हे. ज्याच्या हाती काही नाही त्याच्या हाती निदान शब्दाचा पुरावा असावा म्हणून ते आले. तीन रविवारी चर्चमध्ये होणारी घोषणा, वेदीपुढचे दोन साक्षीदार, नोंदवहीतील सह्या या साऱ्या गोष्टी सबळाला जाच वाटतील, पण दुर्बळाला त्या आधार आहेत.

आजचे कायदे हेच सांगतात. २००५ सालच्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने 'विवाहसदृश संबंधात' राहणाऱ्या स्त्रीलाही संरक्षण दिले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण असा संबंध कोणता, हे २०१० साली सर्वोच्च न्यायालयाला ठरवावे लागले. दोघे सज्ञान असावेत, विवाहास पात्र असावेत, दीर्घकाळ स्वेच्छेने एकत्र राहिलेले असावेत आणि समाजापुढे पतिपत्नीसारखे वावरलेले असावेत. विवाहाची गरज नाही असे म्हणून ज्यांनी सुरुवात केली त्यांना संकटकाळी आपले नाते विवाहासारखे होते हेच सिद्ध करत बसावे लागते. उत्तराखंड राज्यात २०२५ च्या जानेवारीपासून अमलात आलेल्या समान नागरी कायद्याने तर लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांनाही नोंदणी सक्तीची केली आहे. सरकारने प्रौढांच्या खाजगी जीवनात इतके डोकवावे काय, यावर वाद आहे आणि त्यातील शंका मला रास्त वाटतात. तथापि कागदापासून पळणाऱ्यांना कागद पुन्हा गाठतो, एवढे मात्र खरे. फरक एवढाच की विवाहाचा कागद प्रेमाच्या आनंदात लिहिला जातो, तर दुसरा बहुधा कोर्टाच्या पायरीवर.

आता सर्वांत कठीण आक्षेप. विवाहाविषयीच्या एका शिबिरात एक तरुणी उठून म्हणाली, "फादर, माझ्या आईबाबांच्या लग्नाला तीस वर्षे झाली. त्यांना जेवताना एकमेकांशी बोललेले मी पाहिलेले नाही. यालाच तुम्ही टिकलेले प्रेम म्हणता का?" सभागृहात शांतता पसरली. अनेकांनी माना खाली घातल्या.

या मुलीला उडवून लावणे म्हणजे आपल्या घरांतील सत्य नाकारणे होय. टिकलेले लग्न आणि टिकलेले प्रेम या दोन भिन्न गोष्टी आहेत. परंतु तिच्या उदाहरणातून वचन निरुपयोगी ठरत नाही, ते पाळले गेले नाही एवढेच ठरते. वेदीपुढे दिलेला शब्द एका छपराखाली राहण्याचा नव्हता, प्रेम करण्याचा आणि सन्मान राखण्याचा होता. तीस वर्षे अबोला धरणारी माणसे वचनाला जागली असे आपण समजतो, हीच आपली गफलत आहे. आणि जेथे मारहाण आहे, जिवाला धोका आहे, तेथे 'सोसून घे' हा उपदेश ख्रिस्ती नव्हे. अशा वेळी निरपराध जोडीदाराला वेगळे राहण्याची मुभा धर्मविधिसंहितेच्या ११५३ व्या कलमाने स्पष्टपणे दिली आहे. हे आपल्या आयाबहिणींना ठाऊक असले पाहिजे.

याच्या उलट बाजूलाही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. लग्न न करता जन्मभर सोबत राहिलेली माणसे आहेत. फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र आणि सिमोन द बोव्हुआर यांचे नाते १९२९ पासून १९८० साली सार्त्र यांचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे अर्ध्या शतकाहून अधिक काळ टिकले. पॅरिसच्या एकाच स्मशानभूमीत, एकाच थडग्यात दोघे विसावले आहेत. लग्न हवेच कशाला, असे म्हणणारे हे उदाहरण देतात. पण नीट पाहिले तर या दोघांनाही शब्दांवाचून भागले नाही. आरंभी त्यांनी दोन वर्षांचा करार केला, आपले नाते मुख्य आणि इतर प्रेमसंबंध गौण असतील असे ठरवले. त्या 'गौण' माणसांना काय वाटेल, या प्रश्नाकडे आपण काणाडोळा केला, हे बोव्हुआर यांनी पुढे आत्मचरित्रात मान्य केले आहे. येथेही वचन होते. ते कोणाला किती द्यायचे, एवढाच प्रश्न होता.

माझ्या पाहण्यातही अशी काही जोडपी आहेत, आणि त्यांच्या निष्ठेला मी खोटे म्हणणार नाही. ती टिकली कारण मनातल्या मनात त्यांनी विवाहाचेच वचन पाळले. मात्र त्यांना मी नम्रपणे एक गोष्ट विचारीन. हे वचन मनात असेल तर उच्चारायला अडचण कोणती? न उच्चारलेले वचन दोघांच्या मनात एकच असते याची खात्री काय? पुष्कळदा एक जण समजतो की आपण जन्माचे सोबती झालो आणि दुसरा समजतो की सध्या बरे चालले आहे. दोघेही खोटे बोलत नसतात. दोघेही बोललेलेच नसतात. वर्षे निघून जातात, आणि ज्या दिवशी अर्थातील हा फरक उघड होतो त्या दिवशी ज्याने अधिक दिले त्याचे अधिक जाते. 'आधी राहून पाहू, मग ठरवू' या व्यवस्थेचा दोष मला येथे दिसतो. परीक्षा वस्तूची घेतली जाते. आपण परीक्षेला बसलेले आहोत हे ज्याला ठाऊक आहे तो मनुष्य आपले दुबळेपण उघड करू शकत नाही, आणि दुबळेपण उघड केल्यावाचून प्रेम खोल जात नाही.

आकडेवारीने हा वाद मिटणार नाही. विवाहित अधिक टिकतात की अविवाहित, याची मोजदाद केली तरी जी माणसे मुळात टिकाऊ स्वभावाची असतात तीच लग्न करतात की लग्नामुळे ती टिकतात, हे उकलणे अवघड आहे. आपला आधार संख्येचा नाही. आपला आधार 'करार' हा आहे.

'करार' हा शब्द आज आपण घरभाड्यासाठी आणि ठेकेदारीसाठी वापरतो. परंतु आपल्या पवित्र शास्त्राच्या दोन्ही भागांचे नावच जुना करार व नवा करार आहे. व्यवहारातील करारात एकाने शर्त मोडली की दुसरा मोकळा होतो. देवाच्या करारात तसे घडले नाही. इस्राएलने शर्ती मोडल्या तरी देव मोकळा झाला नाही. होशेय संदेष्ट्याने आपल्या विस्कटलेल्या संसारातूनच ही गोष्ट लोकांना सांगितली. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने विवाहाचे वर्णन याच पवित्र अर्थाने करार असे केले आणि इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात संत पौलाने पतिपत्नीचे नाते ख्रिस्त व ख्रिस्तसभा यांच्या नात्याशी जोडले. 'तू शब्द पाळलास तर मी पाळीन' या पायरीवरून 'मी शब्द दिला आहे' या पायरीवर चढण्यासाठी मनुष्याला स्वतःपलीकडचे बळ लागते. विवाह हा संस्कार आहे असे आपण म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ हाच की ते बळ देऊ केलेले आहे.

मराठी वाचकाला याचा पडताळा दूर शोधावा लागत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचे जग कोसळले. लग्न बालपणी, वडीलधाऱ्यांनी जुळवलेले. त्यात आता धर्म वेगळा, घर वेगळे, नातलगांचा रोष. जवळजवळ पाच वर्षे दोघे दूर राहिले. त्या काळी १८६६ सालचा असा एक कायदा होता की, ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला धर्मांतरामुळे जोडीदाराने सोडल्यास तिला न्यायालयामार्फत विवाहबंधनातून मुक्त होता येई. म्हणजे टिळकांसाठी दार उघडे होते. त्या दारातून ते बाहेर पडले नाहीत. लक्ष्मीबाई आपल्या मनाच्या वेळेने परतल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळकांचा तापट स्वभाव, घरातल्या वस्तू वाटून टाकण्याची वृत्ती, अचानक निघून जाण्याची सवय, हे सारे 'स्मृतिचित्रे'त आहे, आणि त्यांवर हसत हसत रागावणारी पत्नीही आहे. १९१९ साली टिळक वारले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी. आरंभी ज्यांना एकमेकांची निवडही करू दिली नव्हती त्यांनी पुढे एकमेकांना निवडले. नात्याला पाच वर्षे तग धरू देणारे काहीतरी नसते तर ही निवड करायला दोघे शिल्लकच राहिले नसते.

म्हणून मूळ युक्तिवादाला माझे उत्तर असे आहे. लग्न प्रेम निर्माण करत नाही. पण प्रेमाला मोठे होण्यासाठी वेळ लागतो, आणि तो वेळ वचन मिळवून देते. एलोईज म्हणाली ते खरे आहे, प्रेम स्वेच्छेनेच द्यावे. मात्र मनुष्याची स्वेच्छा केवळ आजच्या दिवसापुरती नसते. उद्याचा दिवसही तो स्वेच्छेने देऊ शकतो, आणि सर्वांसमक्ष देऊ शकतो. यापेक्षा मोठे स्वातंत्र्य मला ठाऊक नाही.

उत्तर देऊन आपली जबाबदारी मात्र संपत नाही. तरुण लग्नाला भितात त्याला आपणही कारण आहोत. मांडव, बँड, जेवणावळी, छायाचित्रकार आणि दागिने यांवर आपण वर्षांची कमाई उधळतो, आणि विवाहाच्या तयारीसाठी दोन दिवस मागितले की सुट्टी मिळत नाही. कर्ज काढून केलेल्या समारंभाकडे पाहून एखाद्या तरुणाने 'हे सारे कशाला' असे विचारले तर त्याचा रोख संस्कारावर असतो की आपल्या थाटामाटावर, हे आपण तपासावे. चार जणांच्या साक्षीने, साध्या मिस्सात लागलेले लग्न तितकेच पवित्र असते, हे कुणीतरी कृतीने दाखवायला हवे.

ज्यांची मुले लग्नावाचून कुणाबरोबर राहत आहेत अशा पालकांना एक विनंती. घराचे दार बंद करू नका. १९८१ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी कुटुंबाविषयीच्या आपल्या पत्रात अशा जोडप्यांशी आदराने व संयमाने वागण्यास सांगितले आहे. त्यांना जेवायला बोलवा, दोघांनाही. लोक काय म्हणतील हे त्यांना सांगू नका, त्याने काही साधत नाही. त्याऐवजी एक प्रश्न विचारा, 'तुम्ही एकमेकांना काय कबूल केले आहे?' कदाचित त्यांनी तो एकमेकांना अद्याप विचारलेला नसेल. आणि तो विचारण्यापूर्वी, त्या रात्री जेवताना आपल्या स्वतःच्या जोडीदाराशी दोन शब्द बोला. मुले प्रश्नाबरोबर तेही ऐकत असतात.